अंतिम ग्रॅव्हिटीचा आकडा नेमका कुठे ठरतो?

घरी बिअर करणारा माणूस हल्ली भांडं शेगडीवर ठेवण्याआधी संगणक उघडतो. बिअरस्मिथ, ब्रूफादर, ब्रूअर्स फ्रेंड यांपैकी एखादं सॉफ्टवेअर उघडायचं, त्यात साडेचार किलो पेल माल्ट, पाव किलो क्रिस्टल माल्ट, वीस लिटर पाणी, अमुक हॉप्स आणि तमुक यीस्ट असं लिहायचं, की क्षणात आकडे समोर येतात. सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०५०, कडवटपणा इतका, रंग इतका, आणि अंतिम ग्रॅव्हिटी १.०१२. पहिले तीन आकडे थोड्या सरावानंतर बऱ्यापैकी जुळतात, कारण वजनकाट्यावर तोललेल्या मालातून काय निघतं याचा तो हिशेब असतो. चौथा आकडा मात्र पुनःपुन्हा हुलकावणी देतो. बिअर कधी १.००८ वर उतरते, कधी १.०१८ वर अडून बसते. मग नवखे लोक सॉफ्टवेअरला किंवा यीस्टला दोष देतात. माझ्या मते बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो. तो आकडा जिथे ठरतो, तिथे आपण पाहतच नाही.

आधी ग्रॅव्हिटी म्हणजे काय ते पाहू. दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. दुधाऐवजी माल्टच्या गोड काढ्यात, म्हणजे वर्टमध्ये, तशीच काचेची नळी सोडायची. तिचं नाव हायड्रोमीटर. शुद्ध पाण्याची घनता १.००० धरली, तर साखर विरघळलेला वर्ट जड, म्हणून १.०५०. बिअरवाले याला 'पन्नास अंक' म्हणतात. यीस्ट साखर खातं, तिचा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतो आणि घनता उतरते. वायू निघून जातो, अल्कोहोल मागे राहतो. तो पाण्याहून हलका, घनता ०.७८९, त्यामुळे आकडा आणखी खाली जातो. उतरणं थांबलं की जो आकडा दिसतो, ती अंतिम ग्रॅव्हिटी. सुरुवातीच्या आकड्यातून तो वजा करून १३१.२५ ने गुणलं की अल्कोहोलचं प्रमाण मिळतं. १.०५० वरून १.०१२ म्हणजे जवळजवळ पाच टक्के. बिअर जिभेला कोरडी लागेल की भरीव, हेही याच आकड्यावर अवलंबून. आणि बाटली सुखरूप राहील की फुटेल, हेसुद्धा. त्याकडे शेवटी येऊ.

हा छंद मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथला. ब्रिटनमध्ये घरच्या बिअरवरची परवान्याची अट १९६३ मध्ये गेली. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये कायद्यावर सही केली आणि १९७९ पासून तिथे हे मोकळं झालं. तरी मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांना २०१३ उजाडलं. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ पासून आहे आणि त्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. म्हणून हा लेख आहे तो परदेशात राहून हा छंद कायदेशीरपणे जोपासणाऱ्या मराठी मंडळींसाठी, पुण्या-मुंबईच्या परवानाधारक मायक्रोब्रूअरींत काम शिकणाऱ्या मुलामुलींसाठी, आणि ज्यांना आंबवण्याच्या विज्ञानाचं कुतूहल आहे त्या सगळ्यांसाठी.

आता सॉफ्टवेअर काय करतं ते बघू. त्याचं मूळ सूत्र अगदी साधं आहे. सुरुवातीच्या अंकांपैकी किती टक्के अंक यीस्ट उतरवेल, त्याला अ‍ॅटेन्युएशन म्हणतात. पन्नास अंक आणि ७६ टक्के अ‍ॅटेन्युएशन, तर ३८ अंक उतरणार, १२ उरणार, म्हणून १.०१२. संपलं. हे ७६ टक्के येतात यीस्टच्या माहितीपत्रकातून. अमेरिकन एल यीस्टच्या एखाद्या वाणापुढे ७३ ते ८० टक्के असं छापलेलं असतं आणि सॉफ्टवेअर त्याची सरासरी धरतं. ७३ धरले तर उत्तर १.०१३ ते १.०१४ च्या मध्ये, ८० धरले तर १.०१०. म्हणजे माहितीपत्रक स्वतःच साडेतीन अंकांची मोकळीक ठेवतं, आणि पडद्यावर मात्र एकच ठाम आकडा दिसतो. तीन दशांश स्थळांमुळे तो मोजलेला वाटतो. तो मोजलेला नाही, मानलेला आहे.

यीस्टपुढे असा आकडा छापता येतो, हीच मुळात मोठी मजल आहे. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट बिअरसाठी वापरात आणलं. त्याआधी प्रत्येक ब्रूअरीत यीस्टचं मिश्र कुटुंब नांदत असे आणि ते प्रत्येक खेपेला बदलत असे. त्याच्याही चाळीस वर्षं आधी, १८४३ च्या सुमारास, प्रागचे प्राध्यापक कार्ल बॉलिंग यांनी वर्टमधला विरघळलेला माल मोजायचे तक्ते तयार केले. आंबताना किती मालाचा किती अल्कोहोल होतो, हेही त्यांनी मोजलं: साधारण २.०६६५ ग्रॅम मालातून एक ग्रॅम अल्कोहोल, सुमारे ०.९६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.११ ग्रॅम नवं यीस्ट. पुढे जर्मनीच्या फ्रिट्झ प्लेटो यांनी १९०० च्या सुमारास हे तक्ते सुधारले; 'अंश प्लेटो' हे एकक त्यांच्या नावाचं. एक अंश प्लेटो म्हणजे ढोबळमानाने चार अंक. बॉलिंगच्या हिशेबातून एक गोष्ट निघते आणि ती पुढे कामाला येणार आहे. हायड्रोमीटर ७६ टक्के अ‍ॅटेन्युएशन दाखवतो, तेव्हा प्रत्यक्षात सुमारे ६२ टक्केच माल आंबलेला असतो. बाकीचा फरक हलक्या अल्कोहोलमुळे दिसतो. म्हणूनच नुसतं साखरेचं पाणी पूर्ण आंबवलं तर आकडा १.००० च्याही खाली, ०.९९० च्या आसपास जातो.

खरं घोडं पेंड खातं ते पुढे. अ‍ॅटेन्युएशन हा यीस्टचा गुण म्हणून छापला जातो, पण तो त्याहून जास्त वर्टचा गुण आहे. निव्वळ माल्टच्या वर्टमध्ये जवळपास निम्मा भाग माल्टोज असतो, दहाएक टक्के ग्लुकोज, त्याहून थोडं जास्त माल्टोट्रायोज, थोडी साधी साखर, आणि पाव भाग किंवा त्याहून अधिक डेक्स्ट्रिन. यातलं डेक्स्ट्रिन नेहमीच्या यीस्टला खाताच येत नाही. ते जितकं जास्त, तितकी अंतिम ग्रॅव्हिटी वर. कितीही तरतरीत यीस्ट घाला, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि डेक्स्ट्रिन किती राहणार, हे यीस्ट घालण्याच्या कितीतरी आधी, दळलेला माल्ट गरम पाण्यात भिजत पडतो त्या तासाभरात ठरतं. या भिजवण्याला मॅश म्हणतात.

मॅशमध्ये माल्टमधली दोन एन्झाइम पिठूळ साखळ्या तोडत असतात. बीटा अमायलेज साखळीच्या टोकाकडून दोन-दोन कड्यांचे तुकडे काढतं आणि त्यातून माल्टोज मिळतो. पण साखळीला फाटा फुटला की ते तिथेच थांबतं. अल्फा अमायलेज मधूनच कुठेही तोडतं, त्यामुळे बीटाला नवनवी टोकं मिळतात, पण त्याचे स्वतःचे तुकडे मोठे असतात. बीटाला ६० ते ६५ अंश सेल्सिअस मानवतं, त्यापुढे ते झपाट्याने निकामी होत जातं. अल्फा ७० अंशांच्या आसपासही नेटाने काम करतं. म्हणून ६४-६५ अंशांवर तासभर ठेवलेल्या मॅशचा वर्ट खूप आंबतो आणि बिअर कोरडी होते. तोच माल्ट ६९-७० अंशांवर भिजवला तर बीटा लवकर संपतं, डेक्स्ट्रिन उरतं आणि बिअर भरीव होते. यीस्ट तेच, पाकीट तेच, तरी अंतिम ग्रॅव्हिटीत चार-पाच अंकांचा फरक सहज पडतो.

काही सॉफ्टवेअर मॅशचं तापमान विचारतात आणि त्यानुसार अंदाज वरखाली करतात. ही चांगली सुधारणा आहे. पण त्यांना कळतं ते तुम्ही लिहिलेलं तापमान. भांड्याच्या तळाशी ६८, मधे ६६ आणि कडेला ६४ असं असेल, तर कुठलं लिहिलं? तुमचा थर्मामीटर दीड अंश कमी दाखवत असेल, तर सॉफ्टवेअरचं सूत्र कितीही बारकाईचं असलं तरी त्याला मिळालेली माहितीच चुकीची. शिवाय दळण किती बारीक, पाणी किती, मॅश पाऊण तास ठेवला की दीड तास, त्याची आम्लता ५.२ ते ५.६ पीएचच्या पट्ट्यात होती का, या सगळ्याचा थोडाथोडा हात लागतो. यातलं बहुतेक काही सॉफ्टवेअरच्या सूत्रात नसतं. माझा आग्रह असा, की अंतिम ग्रॅव्हिटीचा अंदाज सुधारायचा असेल तर पहिला खर्च भरवशाच्या थर्मामीटरवर करावा. तो वितळत्या बर्फात आणि उकळत्या पाण्यात तपासून घ्यावा. उंचावरच्या गावात पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं, तेवढं ध्यानात ठेवावं.

मालाच्या यादीतही खाचखळगे आहेत. मिल्क स्टाउटमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर घालतात. बिअरचं यीस्ट ती खाऊ शकत नाही. समजा वीस लिटरच्या स्टाउटची सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०६० आहे आणि त्यातले नऊ अंक अर्धा किलो लॅक्टोजमुळे आले आहेत. लॅक्टोज न आंबणारं आहे याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर ७५ टक्क्यांच्या हिशेबाने ते १.०१५ सांगेल. खरा हिशेब वेगळा: माल्टच्या ५१ अंकांपैकी सुमारे १३ उरतात, त्यात लॅक्टोजचे नऊच्या नऊ, म्हणजे १.०२२. सात अंकांची तफावत, आणि बिअर अगदी ठणठणीत!

साध्या साखरेचं याच्या उलट होतं. बेल्जियन ट्रिपेलमध्ये ती बरीच असते. ऐंशी अंकांपैकी सोळा साखरेचे असतील आणि सरसकट ७६ टक्के धरले, तर उत्तर येतं १.०१९. पण साखर पूर्ण आंबते, आणि वर तिच्या अल्कोहोलमुळे आकडा आणखी साडेतीन अंक खाली ओढला जातो. माल्टचे पंधरा उरले, त्यातून साडेतीन गेले, बिअर १.०१२ च्या आसपास थांबते. म्हणून प्रत्येक घटकाचं आंबणं वेगळं धरणारं सॉफ्टवेअर निवडावं, नाहीतर हा हिशेब कागदावर स्वतः करावा. दोन मिनिटांचं काम आहे. क्रिस्टल माल्टचं जरा अवघड, कारण नुसतं पाण्यात भिजवलं तर ते कमी आंबतं आणि पेल माल्टबरोबर मॅश केलं तर त्यातल्या एन्झाइमांमुळे जास्त. डबाबंद माल्ट एक्स्ट्रॅक्ट वापरणाऱ्यांच्या बाबतीत तर मॅश कारखान्यात आधीच होऊन गेलेला असतो. तो किती अंशांवर झाला, ते डब्यावर क्वचितच लिहिलेलं असतं.

यीस्टचा वाटा कमी आहे असं मी म्हणत नाही. लालेमांडचं विंडसर यीस्ट माल्टोट्रायोज खात नाही. त्यामुळे त्याच वर्टमध्ये ते इतरांपेक्षा बरंच वर थांबतं आणि त्याला अडकलेलं समजून हलवत बसण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या टोकाला डायस्टॅटिकस जातीचं यीस्ट. १९५२ मध्ये अँड्र्यूज आणि गिलिलँड यांनी बिअर वाजवीपेक्षा जास्त उतरवणाऱ्या जंतूंचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हे प्रथम नीट समोर आलं. यातल्या अनेक वाणांत एसटीए१ नावाचं जनुक असतं; त्याच्या जोरावर ते डेक्स्ट्रिन फोडणारं एन्झाइम बाहेर सोडतात आणि बाकीच्या यीस्टला जे पचत नाही तेही हळूहळू खातात. सेझॉन प्रकारच्या बिअरसाठी हे मुद्दाम वापरतात आणि तिथे बिअर १.००२ पर्यंत उतरली तरी नवल नाही. पण न धुतलेल्या नळीतून ते दुसऱ्या बिअरमध्ये शिरलं, तर महिनोन्‌महिने बाटलीत काम करत राहतं. २०१६ मध्ये कोलोरॅडोच्या लेफ्ट हँड ब्रूइंग कंपनीला याच कारणाने बाजारातून बिअर परत मागवावी लागली होती.

आणि हॉप्ससुद्धा निरुपद्रवी नाहीत. आंबणं संपत आल्यावर सुगंधासाठी बिअरमध्ये कोरडे हॉप्स टाकतात, त्यांत डेक्स्ट्रिन फोडणारी एन्झाइम असतात. इंग्लंडमध्ये ब्राउन आणि मॉरिस यांनी १८९३ मध्येच हे लिहून ठेवलं होतं, पुढे ते विस्मरणात गेलं. ओरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या कर्कपॅट्रिक आणि शेलहॅमर यांनी २०१८ मध्ये कॅस्केड हॉप्सवर ते नव्याने सिद्ध केलं. त्यांच्या प्रयोगात, यीस्ट हजर असताना, चाळीस दिवसांत बिअर आणखी १.९ अंश प्लेटो, म्हणजे साताठ अंक उतरली. आजकालच्या भरपूर हॉप्सच्या आयपीए करणाऱ्यांनी हे विसरून चालणार नाही.

मग अचूक अंदाज बांधायचा तरी कसा? याचं उत्तर सॉफ्टवेअरच्या बाहेर आहे आणि जर्मन ब्रूअरींत ते फार पूर्वीपासून वापरात आहे. तिथे या चाचणीचं नाव श्नेलफेरगेअरप्रोबे. मराठीत आपण तिला झटपट आंबवण-चाचणी म्हणू. मला ती या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर युक्ती वाटते. उकळून थंड केलेल्या वर्टमधला अडीचशे-तीनशे मिलिलिटर नमुना निर्जंतुक केलेल्या काचेच्या चंबूत काढायचा. मुख्य बिअरसाठी जे यीस्ट वापरणार, तेच त्यात गरजेच्या कितीतरी पट जास्त घालायचं. कोरडं असेल तर चांगली चिमूटभर. तोंडावर फॉइल सैल झाकायची, चंबू पंचवीसएक अंशांच्या उबेत ठेवायचा आणि येता-जाता हलवत राहायचा. मुख्य बिअर आठ-दहा दिवस घेईल ते काम हा चंबू दोन-तीन दिवसांत उरकतो. ऊब आणि जास्तीच्या यीस्टमुळे त्याची चव वाईट होते, पण तो प्यायचा नसतोच. आकडा दोन दिवस हलला नाही की मोजायचा आणि नमुना ओतून टाकायचा. मुख्य भांड्यात परत घालायचा नाही.

मिळालेला आकडा ही त्या वर्टची तळरेषा. त्या यीस्टला त्या वर्टमध्ये याच्या खाली जाता येत नाही. चंबू १.०१४ वर थांबला, तर सॉफ्टवेअर १.०१० म्हणत असलं तरी बिअर १.०१४ किंवा एखादा अंक वर थांबणार. याहून मोठा फायदा निदानाचा आहे. बिअर १.०१९ वर अडली आणि चंबूही १.०१९ वरच आहे, तर यीस्टला हात लावू नका. मॅश गरम झाला होता किंवा मालात न आंबणारा भाग जास्त होता. बिअर १.०१९ वर आणि चंबू १.०१२ वर, तर साखर शिल्लक आहे आणि यीस्ट थकलंय: कमी पडलं, वर्टला हवा मिळाली नाही, किंवा खोली गार झाली. दोन्ही वेळा बाहेरून दिसणारं लक्षण एकच, उपाय मात्र वेगळे. याचा उलगडा करणारं सॉफ्टवेअर आजवर कुणी लिहिलेलं नाही आणि लिहिता येणारही नाही, कारण ही माहिती फक्त त्या चंबूत असते. अपवाद डायस्टॅटिकसचा आणि कोरड्या हॉप्सचा. दोघंही सावकाश काम करतात, तिथे या चाचणीला पुरेसा वेळ द्यावा लागतो किंवा तिच्यावर पूर्ण विसंबता येत नाही.

चाचणीचे आकडे साठत गेले की सॉफ्टवेअरचा खरा उपयोग सुरू होतो. यीस्टच्या रकान्यातली टक्केवारी बहुतेक सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये बदलता येते. 'माझ्या भांड्यात, ६७ अंशांवर, हे यीस्ट ७२ टक्के उतरवतं' असं चार-पाच खेपांत दिसलं, तर छापील सरासरी खोडून तिथे ७२ लिहा. पुढचा अंदाज दोन अंकांच्या आत येऊ लागेल. ही टक्केवारी शेजाऱ्याला उपयोगाची नाही. त्याचा थर्मामीटर वेगळा, भांडं वेगळं.

मोजण्याबद्दल थोडक्यात. हायड्रोमीटर २० अंश सेल्सिअसला जुळवलेला असेल आणि नमुना ३० अंशांचा असेल, तर आकडा अडीच-तीन अंक कमी दिसतो. नमुन्यातला वायू हलवून काढावा, कारण बुडबुडे नळी वर उचलतात. वर्षातून एकदा ती शुद्ध पाण्यात सोडून १.००० दाखवते का ते पाहावं. रिफ्रॅक्टोमीटरला थेंबभर बिअर पुरते, पण अल्कोहोल आल्यावर त्याचं वाचन थेट चालत नाही: सुरुवातीला १२ ब्रिक्स आणि शेवटी ६ ब्रिक्स दिसले, तर नुसत्या तक्त्याने १.०२४ समजून माणूस घाबरतो. शॉन टेरिल यांच्या दुरुस्ती-सूत्राने ते १.०११ च्या आसपास निघतं. अशी सूत्रं सॉफ्टवेअरमध्ये असतात, ती वापरावीत.

आता बाटलीचं. एक अंक आंबला की बिअरच्या अर्ध्या आकारमानाइतका कार्बन डायऑक्साइड तयार होतो. नेहमीच्या एलमध्ये फेसासाठी दोन ते अडीच आकारमानं पुरतात आणि बाटलीत भरताना घातलेली साखर तेवढा वायू देते. बिअर चार अंक आधीच भरली, तर त्यात आणखी दोन आकारमानांची भर पडते. साध्या बिअरच्या बाटलीसाठी हे फार झालं. काच फुटते आणि तुकडे खोलीभर उडतात. सॉफ्टवेअरने सांगितलेला आकडा आला म्हणून बाटल्या भरायला घेणं हे त्यामुळे धोक्याचं आहे, आणि तो आकडा आला नाही म्हणून महिनाभर वाट पाहत बसणंही व्यर्थ. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा. दोन्ही आकडे सारखे हवेत आणि चंबूतल्या आकड्याच्या एक-दोन अंकांच्या आत हवेत. कोरडे हॉप्स घातले असतील तर हीच मोजणी ते घातल्यानंतर पुन्हा करा. त्यानंतरच बाटल्यांना हात लावा.